चंद्राबाईंचा अंगठा

चंद्राबाई मधाळे यांना शिव्या येत नव्हत्या असं नाही, पण त्या त्यांना लागतच नसत. एकच शब्द त्यांना जन्मभर पुरला. अंगठाबहाद्दर. शिपायानं नळाचं पाणी वेळेवर सोडलं नाही, तो अंगठाबहाद्दर. कंडक्टरनं थांबा सोडून एसटी पुढं नेली, तो अंगठाबहाद्दर. एम.ए. झालेला सरपंच पंधरा ऑगस्टच्या भाषणात अडखळला, तेव्हा मागच्या रांगेतून शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणजे थेट स्टेजपर्यंत जाईल अशा बेतानं, त्या म्हणाल्या होत्या, "अंगठाबहाद्दर हाय मेला." गावात त्यांच्या तोंडाला लागायला सहसा कुणी धजत नसे.

मिरजेपासून एसटीनं अर्ध्या तासावरचं हे गाव. वरच्या अंगाला मगदूम, चौगुले अशा जैन शेतकऱ्यांची गल्ली. दुमजली घरं, दारात ट्रॅक्टर, मागं द्राक्षाच्या बागा. खालच्या अंगाला विहार आणि विहाराभोवतीची बौद्ध वस्ती. चंद्राबाई वस्तीत जन्मल्या आणि आत्याच्या मुलाशी, आप्पासाहेबांशी, लग्न होऊन वस्तीतच राहिल्या.

त्यांच्या वडिलांनी, कोंडीबांनी, तरुणपणी कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला आणि त्या एका अंगठ्यात वतनाच्या जमिनीची पट्टी गेली. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी खरं तेच वाचलं असतं असं नाही. छप्पन साली कोंडीबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. बावीस प्रतिज्ञा घेऊन आलेल्या त्या माणसानं उंबऱ्यात उभं राहून तेविसावी आपली आपण घेतली, की ह्या घरातलं माणूस इथून पुढं कागदावर अंगठा लावणार नाही. मग विहारात कंदिलाच्या उजेडात बायाबापड्यांची शाळा भरू लागली. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेल्या बाया डुलक्या घेत घेत बाराखडी गिरवायच्या आणि कोंडीबा दारात काठी घेऊन बसायचे. त्यामुळं झालं असं, की गावात आजही एक चमत्कार बघायला मिळतो. वस्तीतल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्यांना सही येते आणि वरच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना येत नाही.

चंद्राबाई तर सातवी पास. मिरजेच्या एका दवाखान्यात त्यांनी सारी उमर आया म्हणून काढली. डॉक्टर लोक कागदावर कोंबडीचे पाय काढायचे, ते चंद्राबाई सहज वाचायच्या आणि मनात म्हणायच्या, ह्याच्यापेक्षा ह्यानं अंगठा लावला असता तर बरं झालं असतं. रिटायर होऊन आल्या त्या असा सगळ्या जगाचा निकाल लावूनच.

आप्पासाहेब गेल्यापासून त्यांच्या घरात त्या आणि नात माया, दोघीच. मुलगा मिलिंद आणि सून शिरवळला. तो तिथल्या एका कारखान्यात, ती पॅकिंगला. माया दहावीला उत्तम मार्क मिळवून पास झाली होती. आजीनं तिला मांडीवर घेऊन अक्षरं शिकवली होती आणि आजीचा जीव ह्या एका पोरीत होता. तिनं मोठ्या शाळेत जावं, खणखणीत इंग्रजी बोलावं, आणि मग सगळ्या अंगठाबहाद्दरांना जागा दाखवावी, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

अशात त्या वर्षी गावावर समाजसेवा कोसळली.

वरच्या गल्लीतल्या जिनदत्त मगदूमांची मुलगी ब्राह्मी पाचगणीच्या बोर्डिंगात शिकत होती. बाप द्राक्षबागायतदार, शिवाय सांगलीत बेदाण्याचा व्यापार. पाचगणीच्या त्या शाळेत नुसते मार्क मिळवून भागत नाही. मुलीला समाजसेवा करावी लागते, आणि नुसती करूनही चालत नाही, तिचं नेतृत्व करावं लागतं. दिल्लीची कुठलीशी संस्था दरवर्षी अशा शाळकरी मुलींना 'राष्ट्रीय कन्या नेतृत्व सन्मान' देते. शाल, पदक, मंत्र्याबरोबर फोटो, आणि पुढं परदेशातल्या कॉलेजात शिरताना तो फोटो कामाला येतो. त्या वयात आमच्याकडच्या पोरी पाणी भरतात, धाकटी भावंडं सांभाळतात, रोजानं द्राक्षाच्या विरळणीला जातात. पण ते नेतृत्वात धरत नाहीत.

ब्राह्मीला समाजात काय चुकलंय हे स्वतः शोधायची तसदी घ्यावी लागली नाही. त्यासाठी पुण्याहून वीरधवल नावाचा दाढीवाला आणला होता. लग्नात मंडप घालून देणारे असतात, तसा हा मुलींना समाजसेवा घालून द्यायचा. प्रकल्पाचं नाव त्यानं गाडीतच ठरवलं, 'आजीची सही'. निरक्षर आज्यांना ब्राह्मी नात होऊन सही शिकवणार. आधी अंगठा, मग सही, मग आजीच्या डोळ्यांत पाणी. पाणी आलं की फिल्म संपली.

निरक्षर आज्या कुठं मिळतील, असं त्यानं विचारलं, तेव्हा वरच्या गल्लीनं एकमुखानं खाली बोट दाखवलं. गरिबी खाली, तेव्हा अडाणीपणाही खालीच असणार, हा त्यांचा हिशेब. जन्मभर शेजारी राहून, त्याच बायांकडून बागा राखून घेऊन, ह्या लोकांना एवढंही माहीत नव्हतं. कॅमेरा, छत्री आणि शाईचा पॅड घेऊन लवाजमा वस्तीत उतरला. पहिल्या दारात शालूबाईंनी पेन मागून घेतलं आणि लफ्फेदार सही ठोकली. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारातल्या म्हातारीला दिसत नव्हतं, तरी तिनं चाचपत सही केली. दुपारपर्यंत वीरधवलचा चेहरा पडला. सबंध वस्तीत त्याला एक निरक्षर सापडेना. चंद्राबाई आपल्या कट्ट्यावर बसून हा तमाशा बघत होत्या आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांची इतकी करमणूक झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिनदत्त एकटाच आला. चप्पल दाराबाहेर काढून आला, तेव्हाच चंद्राबाईंना संशय आला.

"मावशी, एक काम होतं."

ह्या माणसानं जन्मात त्यांना मावशी म्हटलं नव्हतं. "बोला आण्णा," त्या म्हणाल्या.

"जरा दोन मिनिटं निरक्षर व्हायचं."

जिनदत्तानं समजावून सांगितलं. तुमचा चेहरा कॅमेऱ्यात चांगला येतो, असं वीरधवल सरांचं म्हणणं आहे. एकदा अंगठा लावायचा, मग ब्राह्मी हात धरून सही शिकवील, झालं. फिल्म दिल्लीला जाणार, इथं कोण बघतंय. आणि मायाच्या पाचगणीच्या शाळेचं आपल्याकडं लागलं. त्या शाळेत एक मोफत जागा असते, आणि ती जागा द्यायची कुणाला, हे ठरवणाऱ्यांत आपला माणूस आहे.

"तुमच्या आईंनाच घ्या की," चंद्राबाई म्हणाल्या. "हरणाआक्कांस्नी खरंच येत न्हाई. खोटं वागायला नगं."

जिनदत्ताचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. "मावशी, आमच्या घरातलं माणूस असं देशापुढं दाखवायचं व्हय?"

"आन् आमच्या घरातलं?"

ह्यावर तो हसला. उत्तर नसलं की पैसेवाली माणसं हसतात, तसा. "बघा विचार करून," तो म्हणाला. "न्हाई लावला तरी काय न्हाई. मायाला मिरजंचं कॉलेज हायच."

संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. जिनदत्तानं त्याला आधीच गाठला होता. "आई, एका अंगठ्यानं आभाळ कोसळतंय व्हय? आमी हितं बारा-बारा तास मशीनवर उभं राहतोय ते पोरीसाठनंच न्हवं?" चंद्राबाईंनी त्याला बापाच्या बापापासून सुरुवात करून झाडला आणि फोन ठेवला. माया भाकरी थापत होती. तिनं नुसतं एकदा वळून बघितलं, आणि जे जिनदत्ताला जमलं नाही ते त्या बघण्यानं केलं.

दिल्लीत आपल्याला कोण ओळखतंय, असं चंद्राबाईंनी स्वतःला सांगितलं. माणसाला गाढवपणा करायचा असला की सबब लगेच सापडते, मग तो सातवी पास असो की एम.ए.

शूटिंग झालं. वीरधवलनं त्यांना फाटकं लुगडं नेसायला लावलं. त्यांच्या घरात नव्हतं, म्हणून मगदूमांच्या गड्याच्या घरून आणवलं. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, "फ्रेममध्ये जरा पॉलिटिकल वाटतोय," म्हणून उतरवला. चंद्राबाईंनी जांभळ्या शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. वीरधवल खूश झाला. त्याला ते दुःख वाटलं. मग सहीची वेळ आली आणि त्यांचा सराईत हात झरकन नाव लिहून मोकळा झाला.

"मावशी, इतकी छान नको ना," तो म्हणाला. "थोडी वाकडी. हात कापू दे."

त्यांनी वाकडी सही केली. ब्राह्मीनं त्यांचा हात धरला होता, पण दुसऱ्या हातानं ती मोबाइलवर कुणाला तरी लिहीत होती. पोरगी वाईट नव्हती. दुष्टपणाला थोडं तरी लक्ष द्यावं लागतं, तेवढंही तिच्याकडं नव्हतं. डोळ्यांत पाणी मात्र चंद्राबाईंनी आणलं नाही. ते शेवटी बाटलीतून घातलं.

ब्राह्मीला दिल्लीत सन्मान मिळाला. पेपरात फोटो आले. 'सांगलीच्या कन्येचा राष्ट्रीय गौरव', 'शेकडो आज्या झाल्या साक्षर'. शेकडो कुठून आल्या, हे पेपरवाल्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. मायाच्या शाळेचं पक्कं झाल्याचा निरोपही आला. चंद्राबाईंनी तिच्यासाठी मिरजेहून बॅग आणली आणि झाल्या गोष्टीवर माती टाकली.

पण जिनदत्त मगदूमाला दिल्ली पुरेना. ज्या गावात आपण मिरवतो त्या गावानं टाळ्या वाजवल्या नाहीत, तर दिल्लीचं पदक काय चाटायचंय? त्यानं हायस्कूलच्या पटांगणात मांडव घातला, ढोलपथक बोलावलं, जेवणावळ ठेवली आणि सांगलीहून भिंतीएवढा पडदा आणला. चंद्राबाईंना पहिल्या रांगेत बसवलं, त्यांच्या मागंच वस्तीतल्या बाया. पडदा बघितला आणि दिल्लीची फिल्म इथंच लागणार हे चंद्राबाईंना कळलं. उठून जावं म्हटलं, तर दोन्हीकडून खुर्च्या दाटीनं लावलेल्या.

जिनदत्तानं भाषण केलं. आदिनाथ भगवानांनी आपल्या लेकीला, ब्राह्मीला, जगात पहिल्यांदा अक्षरं शिकवली. त्याच नावाची माझी लेक आज घराघरात अक्षरं नेते आहे. टाळ्या पडल्या. त्याची आई हरणाबाई बाजूच्या सोफ्यावर बसली होती. तिला ह्या जगात कुणी अक्षर शिकवलं नव्हतं. प्रकल्पाची धामधूम बघून तिनं एकदा नातीला म्हटलंही होतं, "मलाबी शिकीव की गं." तेव्हा ब्राह्मी हसून म्हणाली होती, "आजी, तू प्रोजेक्टमध्ये बसत नाहीस." म्हातारीनं ते कौतुकानं गावभर सांगितलं.

मग फिल्म लागली. पडद्यावर फाटक्या लुगड्यातल्या चंद्राबाई आल्या आणि पाठोपाठ त्यांचा अंगठा आला. दाराएवढा अंगठा. जांभळा, सुरकुतलेला, रेघन् रेघ दिसणारा. तो कागदाकडं सावकाश उतरत होता आणि खाली करुण सनई वाजत होती. वरची गल्ली हळहळली. मागं बसलेल्या शालूबाईंनी, ज्या कोंडीबांच्या त्याच शाळेत चंद्राबाईंच्या मांडीला मांडी लावून बाराखडी शिकल्या होत्या, पदर सावरला आणि आपली खुर्ची हातभर मागं ओढली. चंद्राबाईंनी ते मागं न बघताही ऐकलं.

फिल्म संपल्यावर टाळ्या थांबायच्या बेतात असताना सोफ्यावरून हरणाबाई मोठ्यानं बोलली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळं ती नेहमीच मोठ्यानं बोलायची.

"आगं, चंद्राला वाचाया येतंय की. माजी औषदं तीच वाचून देती. ती कशाला अंगठा लावील? अंगठा तर मी लावती."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. सत्काराची बातमी घ्यायला आलेल्या पत्रकारानं खाली घातलेली मान वर केली. स्टेजवर ब्राह्मीनं बापाकडं बघितलं. वीरधवल दाढी कुरवाळू लागला. जिनदत्ताची बायको त्रिशला सासूपाशी धावली आणि तिच्या कानाशी लागली, पण म्हातारी थांबेना. "मी खोटं बोलती व्हय? इचारा की चंद्रालाच."

जिनदत्त माइक घेऊन स्टेजवरून उतरला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते नुसतं दातांवर होतं. "आमच्या आईचं वय झालंय," तो लोकांना म्हणाला, आणि माइक चंद्राबाईंच्या तोंडापुढं धरला. "मावशी, तुम्हीच सांगा. आमच्या ब्राह्मीनं शिकवायच्या आधी तुम्हाला लिहाय-वाचाय येत होतं का?"

एवढी संधी आयुष्यात माणसाला मिळत नाही. सगळ्या गावाचा निकाल लावायला माइक समोर होता, आणि जीभ तर चंद्राबाईंची होती. त्यांनी हरणाबाईकडं बघितलं. म्हातारी विश्वासानं त्यांच्याकडं बघून मान डोलवत होती. मग त्यांना पलीकडं मुलींच्या घोळक्यात माया दिसली. पोरीनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते.

"न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "मला काय येत न्हवतं."

"आणि आई म्हणते ते?"

"आक्कांचं वय झालंय. त्यास्नी आता काय आठवत न्हाई."

टाळ्या पडल्या. ढोल वाजला. हरणाबाईला दोघींनी दंडाला धरून उठवलं आणि घराकडं नेलं. जाताना ती चंद्राबाईंच्या खुर्चीपाशी थांबली आणि ह्या वेळी बारीक आवाजात म्हणाली, "माजं खरंच डोकं गेलं व्हय गं चंद्रा?" चंद्राबाईंनी जमिनीकडं बघितलं. दुसऱ्याच्या मूर्खपणावर आयुष्यभर थुंकणाऱ्या ह्या बाईनं त्या दिवशी एका धड डोक्याच्या म्हातारीला चार लोकांत वेडी ठरवली, आणि स्वतः अंगठेछाप म्हणून सत्काराचा नारळ घेऊन घरी आली. असला हलकटपणा जिनदत्तालाही एकट्यानं जमला नसता.

घरी त्या कट्ट्यावर बसल्या. जेवायला त्या थांबल्याच नव्हत्या. थोड्या वेळानं माया आली, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पोरगी रडलेली असेल असं त्यांना वाटलं होतं. खरं तर त्यांना ते हवं होतं. ती रडली असती, चिडली असती, असल्या शाळेवर थुंकते म्हणाली असती, तर त्यांनी तिला जवळ घेऊन कोंडीबांचं सगळं सांगितलं असतं, आणि तरीही जा म्हणून समजूत काढली असती.

"आजी, बरं झालं न्हाई म्हणालीस," माया म्हणाली. "मला लय भ्या वाटलं हुतं. व्हय म्हणाली असतीस तर माजी जागा गेली असती."

"हरणाआक्कांस्नी खोटं पाडलं मी."

"त्यास्नी काय कळतंय? उद्या इसरतील." माया त्यांच्याजवळ टेकली. ती खुशीत होती; बॅग भरून तयार होती आणि शाळेचं सगळं तिनं ब्राह्मीला विचारून घेतलं होतं. "तितं अकरावीपासनं परतेकीला प्रोजेक्ट करावाच लागतो. ब्राह्मीताई म्हणाली, मदत करीन. मी आपल्या वस्तीवरच करणार. म्हाताऱ्या बायांचंच कायतरी, ते लवकर पास हुतं म्हणं."

चंद्राबाईंनी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. "बाया कुठनं आणशील?" त्यांनी विचारलं. "वस्तीत समद्यास्नी सही येती. आन् आता कुणी उभं करणार न्हाई आपल्याला."

"तू हाईस की," माया म्हणाली. "तुला आता जमतंय."

आणि आजीच्या मांडीवरचा सत्काराचा नारळ उचलून ती फोडायला आत घेऊन गेली.